पप्पांना सांगू नकोस

धमकीसोबत येणारा स्क्रीनशॉट बहुतेकदा फॉलोअर्सच्या यादीचा असतो. आई, मावशी, क्लासच्या मॅडम, मामेबहीण, सगळी नावं त्यात ओळीने दिसतात. खाली मजकूर: पैसे टाक, नाहीतर तुझा व्हिडिओ या सगळ्यांना जाईल. सोळा वर्षांच्या पोराचं अवसान गळायला तेवढं पुरतं.

या प्रकाराला सेक्स्टॉर्शन म्हणतात. पैशांसाठी होणाऱ्या अशा ब्लॅकमेलमध्ये मुलींपेक्षा मुलगे जास्त अडकतात, हे अनेक पालकांच्या गावीही नसतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या जॉर्डन डिमे या १७ वर्षांच्या मुलाला मार्च २०२२ मध्ये इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावाने मेसेज आला. अकाउंट हॅक केलेलं होतं. त्यामागे नायजेरियातल्या लेगोसचे दोन भाऊ होते. जॉर्डनने ३०० डॉलर भरले, तर मागणी आणखी वाढली. एका रात्रीत सगळं घडलं आणि त्याने जीव दिला. वडील घरातच होते. त्या भावांना अमेरिकेत आणून सप्टेंबर २०२४ मध्ये प्रत्येकी साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली.

आमच्या नात्यातल्या अकरावीतल्या मुलाचं प्रकरण निभावलं ते त्याच्या मामामुळे. प्रोफाइल मुलीचं होतं आणि वर्गातले बरेच मित्र आधीच तिच्याशी जोडलेले, म्हणून त्याने रिक्वेस्ट घेतली. थोड्या दिवसांच्या गप्पा, मग व्हिडिओ कॉल. समोरच्या पडद्यावर चालू होती ती कुणाची तरी जुनी क्लिप. रेकॉर्डिंग मात्र याचं होत होतं. पहिले दीड हजार त्याने यूपीआयने भरलेही. लगेच पाच हजारांची मागणी आली. तेव्हा रात्री उशिरा त्याने मामाला फोन लावला आणि आधी एवढंच म्हणाला, "मामा, पप्पांना सांगू नकोस. ते फोन काढून घेतील."

ब्लॅकमेलर कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. पप्पा काय करतील, हे पक्कं ठाऊक होतं. मोबाइल काढून घेणं ही आपल्याकडची सर्रास शिक्षा. अभ्यासात तिचा किती उपयोग होतो कोण जाणे, पण मुलं अडचण लपवायला तिच्यामुळेच शिकतात. म्हणून 'काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग, फोन काढून घेणार नाही,' हा शब्द घरात काही घडण्याआधीच द्यायला हवा, आणि वेळ आली की पाळायलाही हवा. दुसरा भाग अवघड आहे.

मामाने खरडपट्टी काढली नाही. "पैसे पाठवू नकोस, उत्तर देऊ नकोस आणि काही डिलीट करू नकोस. मी निघतोय." डिलीट करण्याची घाई बहुतेक सगळे करतात आणि पुरावाच घालवून बसतात. प्रोफाइलची लिंक, चॅट, यूपीआय आयडी, व्यवहाराचा क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढल्यावरच त्यांनी ते खातं रिपोर्ट करून ब्लॉक केलं. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवू तितकी ते अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते.

फोटो पसरण्याच्या भीतीवर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. अठरा वर्षांखालच्या वयातल्या फोटोचा किंवा व्हिडिओचा डिजिटल ठसा ती आपल्याच फोनवर तयार करते. मूळ फोटो कुठेही जात नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्या त्या ठशावरून जुळणारा मजकूर शोधून काढू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटमध्ये मात्र तिचा इलाज चालत नाही.

पोलिसांचं नाव काढलं की घरचे कचरतात. पण मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याने मुलाची ओळख जाहीर करायला बंदी आहे. त्याचा जबाब घरी किंवा तो म्हणेल त्या ठिकाणी घेता येतो आणि तो घेताना पोलिसांनी गणवेशात असू नये, असंही त्यात लिहिलं आहे. मूल गप्प झालं, खाणं-झोप उडाली, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही बोलता येतं; जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर क्षणभरही त्याला एकटं सोडू नये.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली. जॉर्डन सतराचा होता, तो त्या बंदीत बसला नसता. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आलेली इन्स्टाग्रामची टीन अकाउंट मला जास्त कामाची वाटतात: खातं आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाचा मेसेज बंद, आणि सोळाखालच्यांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी. अर्थात जन्मसाल खरं टाकलं असेल तरच. ते एकदा मुलासोबत बसून तपासावं, आणि फॉलोअर्सची यादीही त्यालाच चाळायला लावावी.

पप्पांना दुसऱ्या दिवशी सकाळी मामानेच सांगितलं, मुलाला विचारून. ते चिडले, मग तक्रार करायला स्वतःच गेले. त्या प्रोफाइलशी जोडलेल्या मित्रांना मुलाने एकेक करून फोन केले. त्यातल्या दोघांनी आधीच पैसे भरले होते, एकाने तर आईच्या मोबाइलवरून, आणि तिला अजून पत्ता नव्हता.