मुलांना घरातलं किती कळतं? : 'बिग लिटल लाइज' या कादंबरीचा अभ्यास



आज एक ऑस्ट्रेलियन कादंबरी घेऊया. लिआन मोरिआर्टी यांची 'बिग लिटल लाइज' ही कादंबरी २०१४ साली आली. २०१७ मध्ये तिच्यावर टीव्ही मालिका निघाली, पण मालिकेत सगळी गोष्ट उचलून अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नेली आहे. मूळ गोष्ट सिडनीच्या समुद्राकाठच्या पिरिवी नावाच्या काल्पनिक उपनगरात घडते. सुबत्ता असलेली वस्ती, सरकारी शाळा आणि शाळेच्या फाटकाशी घोळके करून उभ्या असलेल्या आया. (पुढे शेवटही सांगणार आहे. ज्यांना वाचायची आहे त्यांनी आधी वाचून या.)

सुरुवात शाळेच्या ओळख-दिवसापासून होते. नव्याने बालवर्गात येणारी पाच वर्षांची मुलं वर्गात खेळून बाहेर येतात, आणि अमाबेला नावाच्या मुलीच्या गळ्यावर वळ दिसतात. कुणीतरी तिचा गळा दाबला आहे. तिची आई रेनाटा संतापते. बाई सगळ्या मुलांसमोर आणि पालकांसमोर अमाबेलाला विचारतात, कोणी केलं ते दाखव. ती झिगीकडे बोट दाखवते. झिगी म्हणतो, मी नाही केलं. त्याची आई जेन चोवीस वर्षांची, एकटी मूल वाढवणारी, गावात नवी. पुढे अफवा पसरतात, वाढदिवसाच्या आमंत्रणातून त्याला वगळलं जातं, त्याला शाळेतून निलंबित करा म्हणून पालक सह्याही गोळा करतात.

इथे जरा थांबूया, कारण हा प्रसंग आपला आहे. "कोणी मारलं? दाखव बघू!" हे वाक्य आपण किती वेळा बोललो असू? बाईंचा हेतू वाईट नाही. वर्गात रडणारी मुलगी आहे, समोर चिडलेली आई आहे, लगेच काहीतरी करायला हवं. पण मुलीच्या बाजूने पाहा. ज्याने गळा दाबला तो तिथेच उभा आहे, आणि सगळे तिच्याकडे बघताहेत. अशा वेळी घाबरलेलं मूल खऱ्या माणसाकडे बोट दाखवेलच असं नाही. ज्याची भीती वाटत नाही त्याच्याकडे दाखवून ते मोकळं होईल. आणि मग ते बोट मागे घेता येत नाही.

गळा दाबणारा होता मॅक्स. सेलेस्टच्या जुळ्या मुलांपैकी एक.

सेलेस्ट देखणी, श्रीमंत, पूर्वी वकिली करणारी. नवरा पेरी मुलांशी खेळणारा, लोकांत हवाहवासा. आणि घरात तो तिला मारतो. तिच्या मनातला हिशेब असा, की तो मुलांना हात लावत नाही, मुलं तेव्हा दुसऱ्या खोलीत असतात, त्यांना काही माहीत नाही. मुलांना चांगला बाप आहे, मग त्यांचं घर का मोडायचं? म्हणजे ती सहन करते तेही आईपणाच्याच नावाखाली. समुपदेशकाकडे जाते, गुपचूप वेगळा फ्लॅट भाड्याने घेऊन ठेवते, तरी निघणं काही होत नाही. तिला 'कमकुवत बाई' म्हणणाऱ्या वाचकांनी ही प्रकरणं पुन्हा वाचावीत असं मला वाटतं. दार उघडं असूनही माणूस बाहेर का पडत नाही, हे इथे फार नीट कळतं.

जेनचं गुपित वेगळं. झिगीचा बाप तिला एकाच रात्री भेटला होता, आणि त्या रात्री त्याने तिच्यावर अत्याचार केला होता, तिला घाणेरडं बोलला होता. हे तिने आईवडिलांनाही सांगितलेलं नाही. म्हणून झिगीवर आरोप येतो तेव्हा ती बाहेर त्याच्यासाठी भांडते, पण आतून घाबरते : हे याच्या रक्तात तर नसेल ना?

शेवटी कळतं की तो माणूस पेरीच होता, खोटं नाव सांगितलेला. हा योगायोग मला जरा फिल्मी वाटतो. पण त्यातून लेखिकेला जे हवं ते मिळतं. झिगी आणि मॅक्स एकाच बापाचे. झिगी मऊ स्वभावाचा, अमाबेलाला शब्द दिला म्हणून खरं नाव पोटात ठेवणारा. मॅक्सने घरात जे पाहिलं ते शाळेत केलं. तेव्हा रक्ताचा प्रश्न संपला, असं म्हणावं तर जुळा भाऊ जॉश आहेच. तेच घर, तोच बाप, पण तो कुणाला त्रास देत नाही. पालकांच्या बैठकीत मी जॉशवर जास्त वेळ देईन, कारण 'जसं घर तसं मूल' हे आपलं आवडतं सूत्र इथे पुरत नाही.

शाळेच्या प्रश्नमंजुषेच्या रात्री सगळं फुटतं. सर्वांसमोर पेरी सेलेस्टवर हात उगारतो, आणि कायम शांत असणारी, योगवाली बॉनी त्याला ढकलते. तो गच्चीवरून पडून मरतो. बॉनीच्या लहानपणी तिचे वडील आईला मारायचे. ती ओरडून सांगते ते हेच, की आम्ही मुलं बघत असतो. तिथे हजर असलेल्या बायका आधी गप्प राहायचं ठरवतात, म्हणजे पुन्हा एक नवं गुपित! पण बॉनीला ते पेलत नाही आणि ती स्वतःच कबुली देते.

कादंबरी मोठ्यांची आहे, मुलांच्या हाती देऊ नये. शिक्षकांच्या गटात मात्र ओळख-दिवसाचं प्रकरण जरूर वाचा आणि एका प्रश्नावर बोला : बाईंनी अमाबेलाला बाजूला नेऊन एकटीला विचारलं असतं, तर तिने खरं नाव सांगितलं असतं का? मला वाटतं, त्या दिवशी नसतंच सांगितलं. पण झिगीचं नावही घेतलं नसतं.