केळशीत टायर बसला आणि डिकीत स्टेपनी नाही

नव्या गाडीच्या डिकीचा तळ एकदा उचलून पाहाच. ऑक्टोबर 2020 पासून केंद्राचा नियम बदलला आहे. टायर ट्यूबलेस असतील, हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं किट दिलं असेल, तर मोटारीबरोबर स्टेपनी देण्याचं बंधन कंपनीवर उरलेलं नाही. शहरात त्याने फारसं अडत नाही. कोकणातल्या केळशी गावात अडतं. इथून दापोली काय नि मंडणगड काय, वळणावळणाची तासाभराची वाट. त्यामुळे तयारी घरूनच करून निघायला हवी.

निघण्यापूर्वी करावे

- जॅक आणि चाकाचा पाना गाडीत आहे का, हे हात लावून पाहा. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. स्टेपनी नसलेल्या बऱ्याच गाड्यांत ही दोन्ही हत्यारंही दिलेली नसतात. मग चाक काढून रिक्षाने किंवा एसटीने दापोलीला नेण्याची वाटच बंद होते. नसतील तर विकत घ्या. नटांना चोरीपासून बचावाचं कुलूप असेल, तर त्याची खास किल्लीही सोबत ठेवा.
- सीलंटच्या बाटलीवरची मुदत वाचा. मुदत उलटलेलं सीलंट घट्ट होऊन बसतं आणि ऐनवेळी आत जात नाही.
- ज्यांच्याकडे उतरणार त्यांना जवळच्या पंक्चरवाल्याचा नंबर विचारा आणि तो कागदावर लिहून ठेवा. घाटात मोबाइलची रेंज जाते.
- विम्यासोबत रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतली असेल, तर त्यांची गाडी केळशीपर्यंत येते का, हे आधीच विचारा.
- दीड-दोन फुटांची जाड फळी डिकीत टाका. तिचं काम पुढे येईल.

टायर बसला की टाळावे

- “पुढच्या वाडीपर्यंत तरी जाऊ” म्हणून गाडी रेटू नका. हवा गेलेल्या टायरची बाजूची भिंत रिमखाली चेंगरते आणि आतले धागे तुटतात. एका पट्टीत भागणारं पंक्चर थोड्याच अंतरात नव्या टायरच्या खर्चावर जातं. अपवाद एकच: आंधळ्या वळणावर असाल तर चालण्याच्या वेगाने पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत जा. तिथे टायर गेला तरी चालेल, माणसं वाचली पाहिजेत.
- खिळा दिसला म्हणून लगेच उपटू नका. बऱ्याचदा तोच भोक बुजवून धरतो. हवा हळूहळू जात असेल तर खिळा तसाच ठेवून हवा भरा, दहा मिनिटांनी दाब पुन्हा मोजा आणि मगच पंक्चरवाल्याकडे जायचं की त्याला बोलवायचं ते ठरवा.
- गाडी पुळणीवर उभी असताना जॅक लावू नका. वाळूत तो वाकडा होतो. मुळात पुळणीवर गाडी नेऊच नये.

मग करावे

- चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना रस्त्याच्या कडेला उतरवा, हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना दगडांची उटी लावा.
- भोक कुठे आहे ते शोधा. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात खिळ्याएवढं भोक असेल, तर किट कामाचं. गावातल्या अरुंद पाखाडीत गाडी वळवताना गडग्याच्या चिऱ्याला घासून टायरची बाजू फाटली असेल, तर सीलंट वाया घालवू नका. बाजूच्या भिंतीला पट्टी मारून चालत नाही, टायर बदलावाच लागतो.
- हवेचा पंप चालवताना इंजिन सुरू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल. किती हवा भरायची, तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. किटवर दिलेल्या वेळेनंतर पंपाला विश्रांती द्या, तो तापतो.
- सीलंट भरल्यावर लगेच चार-पाच किलोमीटर सावकाश चालवा, म्हणजे ते आतून सगळीकडे पसरतं. मग थांबून दाब पाहा. पुढे किटवरची वेगमर्यादा पाळा. बहुतेकांवर ती ताशी 80 असते आणि इथल्या रस्त्यांवर तेवढा वेग तसाही नको. पंक्चरवाल्याला “आत सीलंट आहे” हे आधी सांगा, म्हणजे तो टायर आतून धुऊन घेईल आणि दाब मोजणारा सेन्सर जपेल.

चाक काढावं लागलं तर

नट गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करा. पावसात लाल माती जॅक गिळते, म्हणून फळी त्याच्याखाली. गाडीखाली कुणीही शिरू नका. नुसत्या जॅकवर गाडी सोडून चाक घेऊन दापोलीला जाऊ नका, खाली भक्कम लाकडी ठोकळे रचा. जवळच पडलेले जांभ्याचे चिरे मोह पाडतात, पण जांभा सच्छिद्र दगड आहे, एका कोपऱ्यावर भार आला की तडकू शकतो.

शेजारच्या पाहुण्याने आपली स्टेपनी देऊ केली, तर आधी नट मोजा. चारचं चाक पाचच्या जागी बसत नाही. नट तेवढेच असले तरी त्यांच्यातलं अंतर वेगळं असू शकतं. त्याच मॉडेलच्या, त्याच मापाच्या गाडीचंच चाक घ्या. बसवल्यावर नट समोरासमोर आवळा आणि दापोलीत पोचल्यावर पुन्हा एकदा तपासा.

उचलून न्यायची वेळ आली, तर विजेवरच्या गाडीसाठी सपाट फलाटाचीच गाडी मागवा. चाकं जमिनीवर ठेवून ओढली, तर मोटार बिघडू शकते.

रात्र झाली आणि सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर जवळच्या घरी हाक द्या आणि सकाळपर्यंत थांबा. जिवाला धोका वाटला तर 112.