नाक कमी करायचं, मग आधार कशाला?

प्रश्न : माझी मुलगी 23 वर्षांची आहे. तिला नाकावरचा उंचवटा काढून घ्यायचा आहे. सर्जन म्हणतात, आतून कूर्चेचा आधारही द्यावा लागेल. नाक कमी करायचं, तर ही भर कशासाठी?

उत्तर : सर्जन योग्य तेच सांगत आहेत. नाकाचा साधारण वरचा एक तृतीयांश भागच हाडाचा असतो; खालचा सगळा डोलारा कूर्चेवर उभा असतो. मधला पडदा हा त्याचा मुख्य आधार. पडद्यातून कूर्चा काढावी लागली, तरी वरच्या आणि पुढच्या कडेला किमान 1 सेंटिमीटर रुंदीची पट्टी अखंड ठेवतात. ती कमजोर झाली, तर पुढे नाक मध्येच खचू शकतं.

शेंड्याची रचना तिवईसारखी आहे. दोन पाय नाकपुड्यांच्या बाजूंना, तिसरा दोन नाकपुड्यांच्या मधोमध. हा मधला पाय ढिला पडला की शेंडा खाली झुकतो. म्हणून तिथे कूर्चेची पट्टी बसवतात. ती बहुधा पडद्यातूनच घेतात. अपुरी पडली तर कानातून किंवा बरगडीतून.

उंचवटा काढताना पडदा आणि त्याच्या बाजूच्या कूर्चा यांचा जोड अनेकदा सुटतो. तो नीट बांधला नाही, तर मुळातच अरुंद असलेली श्वासाची वाट आणखी चिंचोळी होते. फोटोत नाक सुबक दिसावं आणि रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागावा, हा सौदा कुणीही करू नये. कूर्चा कुठून घेणार, कुठे बसवणार, हे शस्त्रक्रियेआधी सर्जनना जरूर विचारा.