पेंचचे जंगल कसे पाहावे?

आपल्या नागपूर जिल्ह्यात रामटेक व पारशिवनी तालुक्यांत पेंचचे जंगल आहे. पेंच हे नदीचे नाव. तिच्यावरून जंगलाला नाव पडले. १९७५ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले. १९९९ साली इथे व्याघ्र प्रकल्प झाला. नागपूरहून सिल्लारीचे फाटक सुमारे ७० किलोमीटर आहे. लांबून लांबून लोक येतात. वाघ दिसला नाही की तोंड पाडून परत जातात. म्हणतात, काहीच दिसलं नाही. पण जंगल पाहायच्या पुष्कळ रीती आहेत.

१) जिप्सीतून : सकाळी आणि दुपारनंतर जिप्सी आत सोडतात. सोबत गाईड असतो. तो बहुतेक जवळच्याच गावचा असतो, म्हणून त्याला वाटा आणि झाडे माहीत असतात. गाडीतून खाली उतरायचे नाही. साग, मोह, ऐन, तेंदू ही झाडे ओळखावीत. कुलूचे झाड पांढरेफटक असते. उन्हाळ्यात त्याला पानं नसतात, म्हणून संध्याकाळी ते भुतासारखे दिसते. जुलै ते सप्टेंबर आतले जंगल बंद असते.

२) कानांनी : वानर झाडावर बसते आणि चितळ खाली चरते. वानराने टाकलेली पानं, फळं चितळ खाते. वानराला उंचावरून लांबचे दिसते. चितळाला वास लवकर येतो. वाघ किंवा बिबट आला की दोघेही ओरडून एकमेकांना सावध करतात. गाडीत गाणी लावली तर हे ऐकूच येत नाही. माझी आजी म्हणते, "वांदर वरडलं का थांबाचं, पाय समोर टाकाचा नाही."

३) जमिनीकडे पाहून : वाघ चालताना नखं आत ओढून घेतो. म्हणून त्याच्या पावलाच्या ठशात नखं दिसत नाहीत. रानकुत्र्याच्या ठशात दिसतात. वाघ दिसला नाही तरी तो कुठून कुठे गेला ते मातीत लिहिलेले असते.

४) पाण्यावरून आणि मचाणावरून : कोलितमारा येथे नावेत बसून नदी पाहता येते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते काही लोकांना पाणवठ्याजवळ मचाणावर बसवते. उन्हाळ्यात पाणी थोड्याच जागी उरते, म्हणून जनावरं तिथे येतात. चांदणे असल्यामुळे ती दिसतात. कोण आले ते कागदावर लिहायचे. रात्रभर बोलायचे नाही!

५) वर पाहून : २०२४ साली पेंचला भारतातील पहिले अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान मिळाला. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले दिवे खाली तोंड करून लावले. त्यामुळे उजेड वर जात नाही आणि चांदण्या खूप दिसतात.

आता महत्त्वाचे. पाहुणे वानराला बिस्किटे देतात. त्यांना गंमत वाटते. मग वानर रस्त्यावर येऊन बसते आणि गाडीखाली मरते. माणसाच्या खाण्याची चव लागली की ते आपल्या वावरातही येते. पाहुणे घरी जातात, वावर मात्र आपले असते. प्लास्टिकची पिशवी चितळ खाते. ती पोटात अडकते आणि ते मरते. तसेच, मार्च-एप्रिलमध्ये आपल्या आया पहाटे मोहफुलं वेचायला जातात. अस्वलालाही मोहफुलं आवडतात. म्हणून एकटीने जाऊ नये, चारपाच जणींनी मिळून जावे, अधूनमधून मान वर करून पाहावे.

नागपूर शहराला प्यायचे पाणी मुख्यतः पेंच नदीचेच जाते. नदीवर तोतलाडोहला मोठे धरण आहे. झाडांची मुळं माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी जिरवतात. म्हणून नागपूरचा पाहुणा जंगलात पहिल्यांदा आला तरी जंगलाचे पाणी तो रोजच पितो.

सांगा पाहू :
१. वाघाच्या ठशात नखं का दिसत नाहीत?
२. चितळ आणि वानर यांची मैत्री कशी आहे?
३. वानराला बिस्किट दिले तर नुकसान कोणाकोणाचे होते?
४. तुमच्या घरून मोहफुलं वेचायला कोण जाते? सोबत कोण असते?

(चौथा प्रश्न पालकांनी मुलांना सांगावा.)

— इयत्ता चौथी