लिनक्ससाठी आरंभक पेन ड्राइव्ह

लिनक्सची आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवल्याने संगणक तीवरून सुरू होत नाही. ती संपूर्ण तबकडीची प्रतिमा होय. पहिल्या बाइटपासून ती जशीच्या तशी लिहावी लागते. हे कार्य ‘डीडी’ ही आज्ञा करते, मात्र ती काहीएक विचारीत नाही. पुष्कळ संगणकांत ‘एसडीए’ हे नाव मूळ तबकडीचे व ‘एसडीबी’ हे पेन ड्राइव्हचे असते; परंतु हा क्रम निश्चित नव्हे, आणि एका अक्षराच्या चुकीने वर्षानुवर्षांचे लेखन नष्ट होते. यास्तव प्रथम ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देऊन आकारमान पाहावे: १६ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह ५०० गिगाबाइटच्या तबकडीहून सहज ओळखता येतो. त्यावरील जुना मजकूरही पुसला जात असल्याने तो अगोदर अन्यत्र ठेवावा.