सभागृहाला कुलूप का लागतं?

प्रश्न : आमच्या गावात आमदारनिधीतलं एक समाजमंदिर आणि खासदारनिधीतलं एक सभागृह आहे. दोन्हींना बारा महिने कुलूप. आता आम्ही काही मुलं-मुली युवा केंद्र काढावं म्हणतोय. आमदारसाहेब नव्या इमारतीला निधी द्यायला तयार आहेत. पण पहिल्या दोन इमारतींचं झालं तेच हिचं व्हायचं. ते टाळायला आधी काय ठरवावं?
— एक वाचक, ता. बार्शी

उत्तर : कुलूप गावाच्या आळसामुळे लागतं असं आपण म्हणतो, पण त्याची खरी किल्ली निधीच्या नियमांत आहे. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात. पैसा त्याच्या हातात येत नाही. मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि बांधकाम सरकारी यंत्रणा करते. आमदारनिधीची वाटही साधारण तीच. दोन्हींचा हेतू कायमची मालमत्ता उभी करणं हा. त्यातून भिंती होतात, फरशी बसते, दारावर नामफलक लागतो; रोज संध्याकाळी दार उघडणाऱ्याचं मानधन आणि वीजबिल मात्र त्यात बसत नाही. वित्त आयोगाकडे पाहावं, तर पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेला ४० टक्के अबंधित, पण पगाराला तोही चालत नव्हता. मग बिल थकतं, वीज तोडली जाते आणि आत मंडपाचे बांबू, कुणाची सोयाबीनची पोती, मोडक्या खुर्च्या जमतात. तुमच्या दोन्ही इमारतींच्या खिडकीतून डोकावून पाहा, यातलं काहीतरी दिसेलच.

म्हणून अंदाजपत्रक उलट्या बाजूने मांडा, महिन्याच्या खर्चापासून. समजा, संध्याकाळी तीन तास बसणाऱ्या ताईला किंवा दादाला ५,००० रुपये, वीज आणि इंटरनेट २,०००, झाडलोट आणि किरकोळ १,५००. झाले ८,५००. गाव ४०० उंबऱ्यांचं असेल आणि घरटी २० रुपये वर्गणी ठरली, तर कागदावर ८,००० येतात. प्रत्यक्षात निम्मी घरं देतील असं धरा, म्हणजे ४,०००. उरलेले ४,५०० कोण देणार, या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत विटेला हात लावू नका.

एक उत्तर कुणीतरी सुचवेलच : हॉल साखरपुड्याला, बारशाला भाड्याने द्या. द्या, पण संध्याकाळी पाच ते आठ कधीच नाही, लग्नसराईतही नाही. एकदा सवलत दिली की दोन वर्षांत तुमचं मंगल कार्यालय झालेलं असेल.

गावात शासनमान्य वाचनालय आहे का, ते आधी बघा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना दर्जाप्रमाणे दरवर्षी अनुदान मिळतं. एकदाच मिळणाऱ्या बांधकामनिधीपेक्षा मला हे अनुदान लाखमोलाचं वाटतं. अशा वाचनालयाशेजारी अभ्यासिका आणि कॅरमची खोली जोडली, तर निम्मा प्रश्न सुटतो. व्यायामाचं साहित्य हवं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे व्यायामशाळा विकास योजनेची चौकशी करा.

आणि इमारत? ती गावात आहेच, एक सोडून दोन. त्यातली एक ग्रामसभेच्या ठरावाने वापरायला मागा. ठरावात वापराच्या वेळा, वीजबिल कोण भरणार आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे तिन्ही लिहून घ्या. किल्ल्या दोन असाव्यात आणि त्यातली एक बाईमाणसाकडे. ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी असं कायदाच सांगतो. तुमचा विषय तिथे आधी जाऊ द्या. पोरींना केंद्रात यायला काय अडतं, ते तिथेच कळेल. माझा अंदाज सांगतो : आतून कडी लागणारं वेगळं शौचालय आणि घरापर्यंतच्या वाटेवरचे दिवे. युवा केंद्रात फक्त पोरंच दिसत असतील, तर त्याला कट्टा म्हणावं.

गायरानावर मात्र डोळा ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर आणि त्याच वर्षीच्या शासन निर्णयानंतर तो रस्ता फार अवघड झाला आहे.

संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबर आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद करावी लागते, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या खेपा आल्या. पदाधिकारी बदलले की चेंज रिपोर्ट वेळेवर द्या. तो राहिला की संस्था कागदावर जुन्याच मंडळींची उरते आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. कंपन्यांचा सीएसआर निधी चालू खर्चालाही मिळू शकतो, पण १२ए, ८०जी, सीएसआर-१ नोंदणी आणि साधारणपणे तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून दाराशी वही ठेवा : नाव, वय, आल्याची वेळ, काय केलं. ती भरलेली वही पुढे कंपनीच्या माणसासमोर सगळ्यात जास्त बोलते.

काम आधी आणि वास्तू मागून, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली आखाडा म्हणून सुरू झालं; महाविद्यालयं नंतर आली.

आमदारसाहेबांना नाही म्हणू नका. वर्षभर केंद्र चालवून दाखवतो, मग या, असं सांगा. वर्ष थांबणं त्यांना परवडणारं नसेल, तर नवा हॉल सोडून जुन्याच इमारतीला मुलींचं शौचालय आणि छतावर सौर पॅनेल मागा. वीजबिल तरी आटोक्यात राहील.