नवोदयचा अर्ज भरावा का?

प्रश्न : मुलगी लाखांदूर तालुक्यातल्या खेड्यात, जिल्हा परिषद शाळेत पाचवीत आहे. नवोदय म्हणजे महागडी शिकवणी आणि सगळं इंग्रजी, असं ऐकतो. अर्ज भरावा का? – एक पालक

उत्तर : जरूर भरा. ही निवासी शाळा खेड्यातल्या मुलांसाठीच निघाली. किमान 75 टक्के जागा ग्रामीण आहेत, फक्त तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत झालेली हवी. प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते. 80 पैकी 40 प्रश्न आकृत्यांचे, उरलेले अंकगणित आणि भाषेचे; त्यांना शिकवणीपेक्षा सराव लागतो, तो जुन्या प्रश्नपत्रिकांवर घरीही होतो. शिकवणीच्याच मुलांचा नंबर लागतो, हा आक्षेप अगदीच खोटा नाही, कारण जागा जेमतेम 80 आणि चुरस मोठी. पण म्हणून अर्जच न भरणं हा उपाय नव्हे. इंग्रजीचं म्हणाल तर सुरुवात मातृभाषेतून होते, गणित-विज्ञान पुढे इंग्रजीत जातं. राहणं-जेवण मोफत, नववीपासूनचा विकास निधीही मुलींना माफ. मात्र ही परीक्षा एकदाच देता येते, आणि नववीत काही मुलांना वर्षभर परप्रांतातल्या नवोदयात पाठवतात. तेव्हा घर सोडून राहण्याबद्दल आधी मुलीशीच बोला.